कापसावर शिकलेले पाय

वर्षातून एकदा माझ्या घराला कापसाचा वास येतो, आणि तो आला की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. पहिल्या वेचणीच्या कापसात दवाचा ओलसरपणा असतो, वाळल्या पानांचा चुरा असतो, सरकीचा तेलकट वास असतो आणि आत कुठेतरी उन्हाची ऊब दडलेली असते. खोलीचं दार उघडलं की हे सगळं एकदम अंगावर येतं. दिवाळी होऊन आठ दिवस झालेत. आज सकाळी माझा धाकटा भाऊ प्रल्हाद ट्रॉली घेऊन आला आणि पुढच्या खोलीत गुडघ्याच्या वर लागेल एवढा कापूस ओतून गेला. ओतताना त्याचं दरवर्षीचं बोलणं झालंच.

"लोकं कापूस भावासाठी ठेवते," शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "अन् आमची ताई पायासाठी ठेवते."

शेजारीण हसली, मीही हसले. खोटं काय आहे त्यात? हल्ली कापूस घरात कोणी ठेवत नाही. वेचला की गाडीत, आणि गाडीतून सरळ खरेदीला. घरात ठेवला की लाल ढेकण्या निघतात, अंगाला खाज सुटते, उंदीर होतात, कोणी बिडी पेटवली तर जीव टांगणीला लागतो. माझ्या घरात मात्र संक्रांतीपर्यंत एक खोली कापसाची असते. मी इथं मुकुटबनात नाच शिकवते. कुचिपुडी. कृष्णा नदी समुद्राला मिळायला जाते त्या अंगाच्या खेड्यांतला हा नाच, तिथल्या ठरावीक घरांत बापाकडून मुलाकडे येत गेलेला. तो यवतमाळ जिल्ह्याच्या ह्या टोकाला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, रानात कसा आला, असं बाहेरची माणसं मला विचारतात. मी सांगते, बेअरिंग बदलायला आला. त्यांना ती थट्टा वाटते, पण ते अगदी खरं आहे.

माझे गुरू कोटय्या मास्तर गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातली सरकी वेगळी काढून रुई करायची ती गिरणी. दसऱ्याला सुरू व्हायची ती उन्हाळा लागेपर्यंत रात्रंदिवस चालायची. दोन्ही अंगाला सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, जिनांच्या, रांगा, मधून चिंचोळी वाट, आणि आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त आपले ओठ दिसावेत. त्या आवाजात मास्तर डोळे मिटून मधल्या वाटेनं चालत जायचे आणि एखाद्या जिनपाशी थबकायचे. "ही आजारी आहे," असं म्हणून पाना लावायचे. उघडून पाहिलं की बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. खाकी अर्धी चड्डी, कोपरापर्यंत ग्रीस आणि कपाळावर न चुकता उभं गंध. नवीन आलेला मुकादम त्यांना हसायचा आणि पहिला हंगाम संपायच्या आत हसायचं थांबवायचा.

तो कान त्यांनी घरून आणला होता. बाप नाच शिकवणारा, आजा नाच शिकवणारा. त्यांच्या तरुणपणी त्यांचं मंडळ महाशिवरात्रीला पैनगंगा ओलांडून आमच्याकडच्या तेलुगू वस्त्यांतून खेळ करायचं. मास्तर लांब वेणी लावून राणीचं काम करायचे. पुढं मंडळ मोडलं, पोट राहिलं. हात यंत्राला बरा म्हणून कोणीतरी जिनिंगमध्ये चिकटवून दिलं, आणि मास्तर इथलेच झाले. मराठी बोलायचे ती निम्मी वऱ्हाडी, निम्मी त्यांची स्वतःची.

जिनिंग बंद असायची त्या महिन्यांत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, ते आम्हा सात मुलींना रिकाम्या हॉलमध्ये शिकवायचे. गुळगुळीत सिमेंटची जमीन, उंच पत्र्याखाली घुमणारा आवाज, कोपऱ्यात मागच्या हंगामाची राहिलेली रुई. मास्तर पोत्यावर मांडी घालून बसायचे. समोर एक लाकडी ठोकळा, हातात वीतभर लांबीची काठी. काठी कसल्या लाकडाची होती कोण जाणे, पण तीन पिढ्यांच्या तळहातांनी ती काळी आणि मऊ झाली होती, आणि मूठ जिथं बसते तिथं बोटांच्या जागा पडल्या होत्या. त्या काठीचा ठोका आणि आमचा पाय ह्यांचा मिळून एकच आवाज यायला हवा.

"दोन आवाज कायले येते, अम्मा?" ते विचारायचे. त्यांच्याकडे चिमुरड्या पोरीलाही मायेनं अम्मा म्हणतात. "तू अन् मी भांडून राह्यलो काय?"

आम्ही नाचताना ते आमच्याकडे बघायचेच नाहीत. पत्र्याकडे बघत, नाहीतर ठोकळ्याकडे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पाहाले लोकं आहेत ना. मास्तरानं ऐकायचं असते."

गावात बोलणारे होतेच. आमच्याकडे नाच म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट येते. आईनं पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "नाचनारीन व्हायचं हाये काय तुले?" बाबा कमी बोलणारे. ते बैलाच्या शिंगाला रंग लावत होते, तोंड न वळवता म्हणाले, "कवायत हाये ते. शाळेत नाई काय करत पोट्टे?" बाबांनी नाच कधी पाहिला नव्हता. पण पोर घरी आल्यावर पाय न कुरकुरता धुते आणि सरळ उभी राहते, एवढं त्यांनी पाहिलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

मास्तर आम्हाला हसत सांगायचे की त्यांच्या घरात मुलींना शिकवायची रीतच नव्हती. "बापानं पाह्यलं असतं तं मले नदीत ढकललं असतं," असं म्हणून ते ठोकळ्यावर काठी आपटायचे आणि पुढचं पाऊल सांगायचे. आज मी विचार करते तेव्हा वाटतं, आयुष्यात त्यांनी केलेली ही एकच अवज्ञा, आणि तिच्यावर माझा सगळा जन्म उभा आहे.

मी सातवीत होते त्या सालची गोष्ट मला कापसाच्या वासाबरोबर आठवते. दसऱ्याला जिनांची पूजा झाली. पान्या-हातोड्यांच्या ओळीत मास्तरांनी काठी आणि ठोकळाही ठेवला होता, झेंडूचं फूल वाहिलं होतं. पूजा आटोपल्यावर त्यांनी आम्हाला बसवलं आणि गावाकडून आलेलं पत्र वाचून त्याचा अर्थ सांगितला. त्यांच्या घरात अशा काठ्या दोनच, एक थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. ज्याच्यामागे शिकणारा उरला नाही त्यानं आपली काठी थोरल्याच्या घरी परत करायची. मास्तरांचा एकुलता मुलगा पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्यानं ट्रक चालवायचा, आणि त्याला ताल ठाऊक होता तो वायपरचा. तेव्हा मास्तरांचे थोरले भाऊ पौषात येणार होते आणि काठी घेऊन जाणार होते.

"मंग आमचं?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"काठी गेली तं शिकवणं बंद. उधारीच्या काठीनं शिकवत नाहीत आमच्यात."

मास्तरांनी उलट पत्र लिहिलं. शिकणारी आहे, आधी तिला ऐका, मग काठी न्यायची तर न्या. ती शिकणारी म्हणजे मी. माझे हात लाकडाचे होते, मान डौलदार नव्हती, चेहऱ्यावर शृंगार आणायला सांगितला की पोट दुखल्यासारखी दिसायचे. पण माझा पाय खोटं बोलत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. शिवाय मी हट्टी. त्यांच्या घरचा चौदा पावलांचा एक धडा होता, घराबाहेर कोणाला न दिलेला. तो त्यांनी मला पावसाळ्यातच शिकवून ठेवला होता. "आता रोज शंभर वेळा," ते म्हणाले. "मी दोन पाळ्यांत आहे. तुझं तू करायचं." दुसऱ्या दिवशी जिनं सुरू झाली आणि आमची जमीन कापसाखाली गेली.

नेमकी हीच गोष्ट मास्तरांच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्याही. जमीन नुसती जिनिंगची गेली नव्हती. दिवाळीपर्यंत आमची पुढची खोली कमरेएवढ्या कापसानं भरली. अंगणात खडे आणि कोंबड्या, ओसरीवर तुराट्या आणि फवारणीचा पंप, शाळेच्या मैदानावर पोट्ट्यांचं क्रिकेट. मग मी कापसावर चढले. आईनं दारातूनच बजावलं, "पाय धुऊन चढ. कापूस मळला तं व्यापारी नाक मुरडते." म्हणून मी रोज पाय धुऊन, पुसून, कापसाला नमस्कार करून चढायचे. नमस्कार मी माझ्या मनानं जोडला होता.

पहिल्या दिवशी तोंडावर पडले. पाय पोटरीपर्यंत आत जायचा आणि ओढून काढायला मांडीतून जोर लावावा लागायचा. कापूस नाकात जायचा, केसांत जायचा, रात्री अंथरुणात ढेकण्या सापडायच्या. पंधरा दिवसांनी तोल सावरला. महिन्याभरानं शंभर वेळा धडा झाला तरी दम लागेना. तोंडानं बोल म्हणायचे, तै तै तत्, आणि पाय खाली-वर करायचे. कापूस काही तक्रार करत नव्हता. मला वाटलं, मला फार छान येऊ लागलंय. शाळेत मी जरा छाती काढूनच चालायचे, आणि काठी आपल्यामुळं इथंच राहणार हे मनाशी धरून बसले होते.

थोरले भाऊ पौषातल्या बाजाराच्या दिवशी आले. आठवड्यातून तेवढा एक दिवस जिनिंग बंद असायची, मजुरांना बाजार करायला. मास्तर त्यांना पेद्दमास्तर म्हणायचे, म्हणजे थोरले मास्तर, आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. उंच, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं, आमची भाषा एक अक्षर येत नाही. हॉलचा एक कोपरा झाडून मास्तरांनी त्यांच्यासाठी मुकादमाची खुर्ची ठेवली. पेद्दमास्तरांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, पोरीचं तोंड बघायचं नाही म्हणून हे सोंग. एवढ्या लांबून आले ते भिंत बघायला काय? त्या रागातच मी चाळ बांधले, उभी राहिले, आणि मास्तरांनी ठोका दिला.

तो दिवस मला अजून विसरता येत नाही. ठोका पडत होता आणि माझा पाय जिथं वाजायला हवा तिथं काहीच नव्हतं. नुसते घुंगरू किणकिणत होते. सिमेंटवर आल्यावर मला ते पहिल्यांदा कळलं. माझा पाय जमिनीजवळ येऊन हळू व्हायचा आणि आत बुडायची वाट बघायचा, आणि जमीन काही त्याला आत घेत नव्हती. मी जोर लावला तर ताल चुकला. पाचव्या पावलाला पेद्दमास्तरांनी एक बोट वर केलं. मास्तरांची काठी थांबली. पाठमोरे बसूनच ते तेलुगूत काहीतरी म्हणाले.

मास्तरांनी खाली मान घालून मला सांगितलं, "विचारते, ही पोरगी कशावर नाचून राह्यली इतके दिवस?"

"कापसावर," मी म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या मुली फिसकन हसल्या. मास्तरांचा चेहरा असा झाला की मी आजही तो आठवायचं टाळते. ज्या माणसाला शंभर यंत्रांच्या आवाजात एका बेअरिंगचं दुखणं कळायचं, त्याला माझ्या पायाचं दुखणं दुसऱ्यानं सांगावं लागलं होतं. मला रडू येत होतं, आणि रडू यायला लागलं की मी भांडते. "घरात पाय ठेवाले जागा नाई," मी पेद्दमास्तरांच्या पाठीला म्हणाले, "तं कुठी नाचू? तुमच्या डोक्यावर?"

मास्तरांनी ह्याचं भाषांतर केलं नाही. पण पेद्दमास्तरांचे खांदे किंचित हलले. त्यांना अदिलाबादला एका नातेवाइकाकडे आठ दिवस राहायचं होतं. पुढच्या बाजाराला परत येतो, हवं तर पुन्हा ऐकतो, पण काठी बांधून ठेव, एवढं मास्तरांना सांगून ते गेले.

संध्याकाळी मास्तर आमच्या घरी आले. मला वाटलं, रागावणार. बाबांनी पाट दिला, तो त्यांनी घेतला नाही. पुढच्या खोलीच्या दारात उभे राहून ते कापसाकडे बघत राहिले. मग चपला काढल्या, मोरीवर जाऊन पाय धुतले, आणि खाकी चड्डीतला तो साठीचा माणूस आमच्या कापसावर चढून त्यांच्या घरचा धडा नाचू लागला. दुसऱ्या पावलाला बुडाले. चौथ्याला बसलेच. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मास्तर कापसात बसून धापा टाकत हसत होते.

"रोज शंभर वेळा?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"बाप्पा," ते म्हणाले.

बाबा तोवर कोपऱ्यातल्या टोपल्यांकडे बघत होते. "मास्तर, मी कापूस हलवतो," ते म्हणाले. त्या वर्षी भावाची वाट बघणं चालू होतं, विकायचा प्रश्न नव्हता. गोठ्यात ठेवला तर ओल लागते. राहिली आमची निजायची खोली. आईनं कपाळावर हात मारला. "पोट्टीच्या नाचापायी मानसानं कुठी झोपावं?" पण पहिली टोपली तिनंच उचलली. दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत आम्ही चौघं टोपल्या वाहत होतो, मास्तरसुद्धा. आठ दिवस आमचं बिऱ्हाड कापसाच्या डोंगरावर निजलं. पाठीखाली ऊब होती आणि आढं इतकं जवळ आलं होतं की प्रल्हाद हात वर करून छपराच्या कवेलूंना बोटं लावायचा. पुढच्या खोलीत शहाबादी फरशी उघडी पडली होती. मी ती इतक्या दिवसांनी पाहत होते.

त्या फरशीवर मी काय सोसलं ते माझ्या टाचांना माहीत. पहिले दोन दिवस पाय मुकाच. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी अचानक एक पाऊल वाजलं. चुलीपाशी बसलेली आई दचकून बाहेर आली. मग दुसरं वाजलं. पाळी संपली की मास्तर तसेच ग्रीसच्या हातानं यायचे, ठोकळा मांडायचे. पाचव्या दिवशी ठोका आणि पाय एक झाले. पण एक गोष्ट काही केल्या जाईना. कापसातून पाय उपसायची सवय अंगात इतकी भिनली होती की प्रत्येक पावलाआधी तो झटक्यानं वर यायचा, गुडघ्याच्याही वर, आणि तिथं क्षणभर थांबायचा.

"आमच्या घरात इतका उचलत नाहीत," मास्तर म्हणाले.

"मंग काढून टाकू?"

त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. काढून टाकायला सांगणं सोपं होतं. भाऊ दोन दिवसांवर आला होता, आणि त्याला वेगळं काही ऐकू आलं असतं तर काठी गेलीच असती. मी त्यांच्याकडे बघत बसले होते. "नको," ते शेवटी म्हणाले. "हे आमच्या घरचं नाही, तुह्या घरचं हाये. राहू दे."

हे वाक्य मी आजवर पुष्कळांना सांगितलंय. परंपरा सांभाळणारी माणसं मी नंतर खूप पाहिली. काही ती कुलूप लावून सांभाळतात, काहींच्या हातून ती वाळूसारखी गळून जाते. मास्तरांनी आपल्या वाट्याची एकुलती काठी पणाला लावून माझ्या घराला त्यांच्या घरात जागा दिली. तेव्हा मला हे काही कळलं नव्हतं. तेव्हा मला फक्त टाचा दुखत असल्याचं कळत होतं.

पुढच्या बाजाराला पेद्दमास्तर आले, पुन्हा खुर्ची भिंतीकडे वळवली. ह्या खेपेला बाबाही आले होते. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून दाराशी उभे होते. मास्तरांनी काठी कपाळाला लावली आणि ठोका दिला.

मी नाचले. कशी नाचले ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्या हॉलमध्ये नव्हतेच. मी पहिल्या पावलापासून चौदाव्यापर्यंत फक्त पायांत होते. एवढं आठवतं की बोट वर झालं नाही. पाचव्याला नाही, नवव्याला नाही. धडा संपला. पत्र्यावरच्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या. बाबांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं. मग पेद्दमास्तर भिंतीकडे बघतच हळू आवाजात बोलले. मास्तरांनी काठी ठोकळ्यावर ठेवली. डोळे पुसून त्यांनी मला सांगितलं.

"म्हणते, पडलेला पाय तं सगळ्यांचाच ऐकू येते. हिचा उचललेला ऐकू येते."

पेद्दमास्तर उठले, वळले, आणि माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तोंड बघायचं नाही म्हणून ते पाठ करून बसले नव्हते, हे मला मास्तरांनी नंतर सांगितलं. त्यांच्या बापानं दोघा भावांना असंच पाठमोरं बसून ऐकलं होतं. शिकणाऱ्याला दिलेला तो मान होता. माझा आठ दिवस जपलेला राग फुकट गेला. पेद्दमास्तरांनी मास्तरांकरवी मला विचारलं, तुमच्या घरात कापूस वर्षातून किती दिवस असतो? मी म्हणाले, तिळसंक्रांतीपर्यंत, भाव नाही आला तर होळीपर्यंत. त्यांनी हिशोब केल्यासारखी मान डोलावली. जाताना बाबांकडून ओंजळभर कापूस मागून घेतला, देवाच्या वातींसाठी, आणि उपरण्याच्या टोकाला बांधला. काठी ठोकळ्यावर होती तिथंच राहिली.

मास्तरांनी माझ्यानंतर पुष्कळ मुली शिकवल्या. मी ह्याच गावात लग्न केलं, माहेराहून दोन गल्ल्या ओलांडल्या एवढंच. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी काठी माझ्या हातात दिली. बोटांच्या त्या जागांत माझी बोटं बसायला दोन वर्षं लागली. माझ्या शाळकरी मुली आता झरीहून येतात, घाटंजीहून येतात, बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून येतात. दिवाळी ते संक्रांत मी त्यांना फरशीवर एक दिवस आणि कापसावर एक दिवस नाचवते. पाय धुऊन चढायचं, नमस्कार करायचा. कुठं स्पर्धेला गेल्या की तिकडचे जाणते विचारतात, हे पाऊल उचलणं कोणत्या घरचं? मुली सांगतात, मुकुटबनचं. मला ह्याचा गर्व आहे. नसायला काय झालं?

मास्तर आता नव्वदीच्या घरात आहेत. जिनिंगनं त्यांचे कान घेतले. चाळीस हंगाम त्या आवाजात काढल्यावर ते जायचेच. ठोका दिला तर ऐकू येत नाही, मग फरशीवर तळहात टेकवून बसतात आणि हातानं ऐकतात. कापसाच्या दिवशी हातालाही काही कळत नाही. त्या दिवशी त्यांना रीत मोडावी लागते. ते नाचणाऱ्या मुलीच्या समोर बसतात आणि डोळ्यांनी बघतात; मी पाठ करून बसते आणि ऐकते. दोघं मिळून एक मास्तर होतो, असं ते म्हणतात.

आणि ह्या वर्षी कापसाबरोबर मानसा आली. पेद्दमास्तरांची नात. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. जायच्या आधी त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं म्हणे, मुलीला शिकवायचं झालं तर पैनगंगेच्या पलीकडे पाठवा, कापूस असेल त्या दिवसांत. ज्या घरात मुलींना शिकवायची रीत नव्हती त्या घरातून. दुपारच्या बसमधून ती उतरली, पाठीवर भलीमोठी बॅग, पायांत मोजे. मला अक्का म्हणाली. मास्तरांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या कपाळाकडे, नाकाकडे, हनुवटीकडे टक लावून पाहिलं. भावाचं काही सापडतंय का ते बघत असावेत.

मी तिला पुढच्या खोलीत नेलं. कापूस बघून ती दारातच थांबली.

"अक्का," ती जपून म्हणाली, "इसपे तो आवाज नहीं आएगा."

"मालूम है," मी म्हणाले. "पैर धोके आ."

ती पाय धुऊन आली. पुसले. नमस्कार मी सांगायच्या आधीच केला, तो तिला कोणी सांगितला होता कोण जाणे. मग चढली, पोटरीपर्यंत बुडाली, भिंतीला हात लावून सावरली. मास्तर समोर खुर्चीवर बसले. मी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठोकळा मांडला. काठी कपाळाला लावून ठोका दिला.

पहिल्या तीन वेळा ती पडली. कापसात माणूस पडलं की फस्स होतं, दुसरा आवाज नाही. चौथ्या वेळी मी ठोका दिला आणि माझ्या मागं सगळं गप्प झालं. त्या गप्पपणात सरकीवरून सरकणाऱ्या कापसाची अगदी बारीक सळसळ झाली, आणि थांबली. पाय बाहेर आला होता, वर गेला होता, आणि वरच थांबला होता. माझ्या हातातली काठी हवेत तशीच राहिली.

कान गेलेली माणसं बोलतात तसं मास्तर मोठ्यानं बोलले. "ऐकलं काय, अम्मा?"

मी त्यांना दिसेल अशी मान हलवली, आणि पुढचा ठोका दिला.